अरबी वाक्याचा विराम

१९१२ साली कैरोच्या बुलाक भागातल्या सरकारी छापखान्यातून एक लहानसे पुस्तक बाहेर पडले. नाव होते ‘अत्-तरकीम व अलामातुहू फिल्-लुगतिल्-अरबिय्या’. विषय, अरबीतली विरामचिन्हे. लेखक अहमद झकी पाशा. स्वल्पविराम कुठे द्यावा, पूर्णविराम कुठे, प्रश्नचिन्ह कधी, अवतरणचिन्हे कशाभोवती, एवढाच त्याचा मजकूर. पण त्या वेळी अरबी ही तेराशे वर्षे लिहिली जाणारी भाषा होती. कायदा, वैद्यक, बीजगणित, प्रवासवर्णने, प्रेमकाव्य, सगळे तिच्यात लिहून झाले होते आणि ते सारे स्वल्पविरामावाचून. पुढच्या काही दशकांत शाळकरी मुलाच्या वहीपासून वर्तमानपत्राच्या अग्रलेखापर्यंत ही चिन्हे रुळली. लिखित भाषेच्या इतिहासात एवढा मोठा बदल इतक्या थोड्या काळात क्वचितच घडतो.

याचे जे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते ते सरळसोट आहे: अरबांकडे विरामचिन्हे नव्हती, युरोपकडे होती, ती अरबांनी घेतली. चिन्हांच्या आकारापुरते ते खरेही आहे. पण त्यातून असा समज होतो की १९१२ पूर्वीचा अरबी वाचक हजार-बाराशे वर्षे वाक्याच्या शोधात चाचपडत होता. हा समज चुकीचा आहे, आणि तो चुकीचा होता हे झकी पाशांइतके त्या काळी फार थोड्यांना उमगले होते.

हा माणूस मुळात कोण होता हे आधी पाहिले पाहिजे. जन्म १८६७ चा, अलेक्झांड्रियाचा. शिक्षण कायद्याचे, फ्रेंचवर प्रभुत्व, सरकारी अनुवादक म्हणून नोकरीची सुरुवात आणि पुढे इजिप्तच्या मंत्रिमंडळाच्या सचिवपदापर्यंत चढण. १८९२ मध्ये लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी ते युरोपात गेले, स्पेनही पाहिला आणि परतल्यावर त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. पण त्यांचा खरा ध्यास जुन्या हस्तलिखितांचा. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या दुर्मीळ पोथ्यांची त्यांनी छायाचित्रे काढवून आणली, हजारो ग्रंथांचा खासगी संग्रह उभा केला आणि त्याला ‘अल्-खिझानतुझ्-झकिय्या’ असे नाव दिले. लोक त्यांना ‘शेखुल-उरूबा’ म्हणत, म्हणजे अरबपणाचे शेख. विरामचिन्हे अरबीत आणणारा माणूस युरोपच्या प्रभावाखाली आपल्या वारशाकडे पाठ फिरवलेला नव्हता. तो वारसा त्याला इतरांपेक्षा अधिक ठाऊक होता. त्या वेळचे शिक्षणमंत्री अहमद हिश्मत पाशा यांनी शाळांसाठी नियम ठरवण्याचे काम नेमके त्यांच्याकडे सोपवले, हे अरबीचे भाग्य म्हटले पाहिजे.

तो वारसा काय होता?

सातव्या शतकातले अरबी पान आज पाहिले तर त्यात अक्षरांचा केवळ सांगाडा दिसतो. ब, त, न, य या अक्षरांचे शब्दातले रूप एकच, वर-खाली नुक्ते, म्हणजे ठिपके, द्यावेत तेव्हा ती वेगळी व्हायची. आणि नुक्ते तर बहुधा नसतच. ऱ्हस्व स्वर लिहिण्याची सोय नव्हती. परंपरा सांगते की बसरा शहरात कोणीतरी कुराणातले एक वचन चुकीच्या स्वराने म्हटले. ईश्वर आणि त्याचा प्रेषित या दोघांनीही मूर्तिपूजकांशी संबंध तोडला, असा मूळ अर्थ. एका स्वरामुळे ईश्वराने प्रेषिताशीही संबंध तोडला असा भलताच अर्थ निघाला. ते ऐकून अबुल-अस्वद अद्-दुअली या व्याकरणकाराने लेखनिक बसवला आणि त्याला सांगितले, माझ्या ओठांकडे पाहा. ओठ उघडले की अक्षराच्या वर ठिपका, खाली गेले की खाली, गोल झाले की बाजूला. हे ठिपके वेगळ्या रंगाच्या शाईने दिले जात. अबुल-अस्वद ६८८ च्या सुमारास वारले. पुढे इराकचा कठोर सुभेदार हज्जाज बिन यूसुफ याच्या काळात अक्षरे ओळखू यावीत म्हणून नुक्त्यांची व्यवस्था लागली असे परंपरा मानते, आणि आठव्या शतकात खलील बिन अहमद याने आज वापरात असलेली स्वरचिन्हे घडवली.

ही सगळी धडपड अक्षरासाठी होती. पण वाक्यही दुर्लक्षित नव्हते. कुराणाच्या अगदी जुन्या प्रतींमध्ये, जिथे नुक्ते तुरळक आणि स्वर मुळीच नाहीत, तिथेही प्रत्येक आयतीच्या, म्हणजे वचनाच्या, शेवटी लहान रेघांचा किंवा ठिपक्यांचा पुंजका आढळतो. नंतर दर पाच आयतींना एक खूण, दर दहांना दुसरी, अशी भर पडली आणि त्या खुणांची सोनेरी फुले झाली. काही जुन्या विद्वानांना या जोडण्या रुचल्या नाहीत. ईश्वरी मजकूर निखळ राहावा, त्यात माणसाच्या हाताची रेघ नको, असे त्यांचे म्हणणे होते. खुणा तरीही टिकल्या, कारण पठण करणाऱ्याला त्यांची गरज होती.

पठण करणारा माणूस श्वास घेतो. लांब आयत एका दमात म्हणता येत नाही. मग थांबायचे कुठे? भलत्या ठिकाणी थांबले तर अर्थ तुटतो, कधी उलटतो. या एका प्रश्नातून अरबीत एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. त्याला ‘वक्फ आणि इब्तिदा’ म्हणतात: थांबणे आणि पुन्हा सुरू करणे. दहाव्या शतकात बगदादच्या इब्नुल-अंबारीने त्यावर ग्रंथ लिहिला, अकराव्यात स्पेनमधल्या अबू अम्र अद्-दानीने. व्याकरण, अर्थ आणि धर्मतत्त्व या तिन्ही अंगांनी प्रत्येक विरामाचा त्यांनी विचार केला. कोणता विराम पूर्ण, कोणता पुरेसा, कोणता केवळ चालण्याजोगा आणि कोणता अनुचित, अशी प्रतवारी लावली. मग बाराव्या शतकात गझनीकडच्या मुहम्मद बिन तैफूर सजावंदी यांनी या प्रतवारीला अक्षरे जोडली. ओळीच्या वर बारीक ‘मीम’ असेल तर थांबणे आवश्यक. ‘तो’ असेल तर मोकळेपणाने थांबा. ‘जीम’ असेल तर थांबा किंवा पुढे जा. ‘ला’ असेल तर थांबू नका. सजावंदी ११६५ च्या सुमारास निवर्तले. बाराव्या शतकात जगातल्या फार थोड्या ग्रंथांना इतकी बारीक विरामपद्धती लाभली असेल. युरोपीय पूर्णविराम वाक्य संपले एवढेच सांगतो. सजावंदींची खूण वाचणाऱ्याला तिथे किती मुभा आहे तेही सांगते.

एका विरामात किती दडलेले असू शकते याचे उदाहरण ‘आल-इमरान’ या अध्यायाच्या सातव्या आयतीत आहे. तिथे म्हटले आहे की ग्रंथातली काही वचने स्पष्ट अर्थाची आहेत, काही संदिग्ध. त्या संदिग्ध वचनांचा खरा अर्थ कोण जाणतो? ‘ईश्वर’ या शब्दापाशी वाचक थांबला तर उत्तर येते, केवळ ईश्वर. न थांबता पुढचे शब्द जोडून घेतले तर ज्ञानात मुरलेले विद्वानही त्या जाणणाऱ्यांत येतात. विद्वानाला धर्मग्रंथाचा गूढार्थ लावण्याचा अधिकार आहे की नाही, हा शतकानुशतके चाललेला वाद एका श्वासावर उभा आहे. एक शब्दही बदलत नाही, बदलतो तो फक्त विराम.

आता कुराणाबाहेरच्या गद्याकडे वळू. इतिहासकाराच्या, वैद्याच्या, कारकुनाच्या लेखनात सजावंदींच्या खुणा नसत. तिथे वाक्य ओळखायचे काम भाषेनेच केले, आणि मला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

अरबीत वाक्यांना जोडणारे तीन छोटे शब्द आहेत: ‘व’, ‘फ’ आणि ‘सुम्मा’. दूत आला आणि त्याच वेळी पाऊसही पडत होता, असे सांगायचे तर ‘व’. दूत आला आणि लगेच, त्याच्या येण्यामुळे, दार उघडले गेले, तर ‘फ’. दूत आला आणि मध्ये काही काळ जाऊन परतला, तर ‘सुम्मा’. म्हणजे नवे वाक्य सुरू झाले हे तर कळतेच, शिवाय मागच्या वाक्याशी त्याचे नाते केवळ सोबतीचे, परिणामाचे की कालांतराचे तेही कळते. ‘इन्ना’ आले की ठामपणे नवे विधान सुरू झाले. ‘काला’, म्हणजे ‘म्हणाला’, आले की पुढे कोणाचे तरी बोलणे आहे; अवतरणचिन्ह नसले तरी अडत नाही. प्रश्नाच्या आरंभीच ‘हल’ किंवा ‘अ’ येतो, त्यामुळे हा प्रश्न आहे हे वाचकाला पहिल्याच शब्दाला कळते. युरोपीय वाचकाला त्यासाठी कधी कधी वाक्याच्या टोकापर्यंत जावे लागते. आश्चर्य व्यक्त करायला क्रियापदाची एक ठरलेली घडणच आहे. पत्रात ईश्वराची स्तुती आणि प्रेषिताला सलाम झाले की ‘अम्मा बअद’ यायचे, आणि तिथून मुद्दा सुरू झाला हे मुलालाही समजायचे. यमकबद्ध गद्य असेल, जसे बाराव्या शतकातल्या हरीरीच्या ‘मकामां’त आहे, तर प्रत्येक वाक्यखंड यमकावर उतरतो आणि कानच विराम ओळखतो.

साहित्यशास्त्रज्ञांनी याला फार वरचे स्थान दिले. वाक्ये कुठे जोडावीत आणि कुठे जोडशब्दाशिवाय सुटी ठेवावीत, या विद्येला ते ‘फस्ल व वस्ल’ म्हणत. वक्तृत्व म्हणजे काय, या प्रश्नावर वेगवेगळ्या लोकांची मते नवव्या शतकातल्या जाहिझने नोंदवली आहेत, आणि त्यात जोड आणि तोड ओळखणे म्हणजेच वक्तृत्व असे एक मत आहे. अकराव्या शतकात अब्दुल-काहिर जुरजानीने ‘दलाइलुल-इअजाझ’ या ग्रंथात या विषयाला एक मोठे प्रकरण दिले आणि अस्सल भाषाप्रभुत्वाशिवाय ही विद्या साधत नाही असे बजावले. ज्या भाषेत वाक्याच्या सांध्यावर इतके चिंतन झाले, तिला विरामाची जाण नव्हती असे कसे म्हणता येईल?

खुणाही होत्याच. प्रकरणाचे नाव लाल शाईने लिहीत, महत्त्वाच्या शब्दावर आडवी रेघ ओढत, दुसऱ्याचे उद्धृत संपले की ‘अलिफ’ आणि ‘हे’ ही दोन अक्षरे टाकत. ‘संपले’ या अर्थाच्या शब्दाचा तो संक्षेप. पण या सगळ्यांत मनात राहते ते हदीस, म्हणजे प्रेषिताविषयीच्या नोंदी, गोळा करणाऱ्यांचे वर्तुळ. एक हदीस संपून दुसरी सुरू होते तिथे ते लहानसे वर्तुळ काढत. बगदादचा थोर हदीसशास्त्रज्ञ खतीब बगदादी, जो १०७१ साली वारला, त्याचा सल्ला असा की लिहिताना हे वर्तुळ रिकामे ठेवावे. मग मूळ प्रतीशी ती हदीस ताडून पाहावी आणि ताडून झाली की वर्तुळात ठिपका द्यावा. म्हणजे ज्या प्रतीत वर्तुळे रिकामी, तिचा मजकूर अजून तपासलेला नाही. वाचकाला थांबवणारी खूण आणि मजकुराच्या खरेपणाची ग्वाही, दोन्ही कामे एकाच चिन्हाने केली. असे विरामचिन्ह दुसऱ्या कुठल्या परंपरेत सहज सापडणार नाही.

ही व्यवस्था चालली, कारण वाचन एकट्याचे नव्हते. विद्यार्थी गुरूपुढे बसून ग्रंथ मोठ्याने वाचायचा किंवा वाचलेला ऐकायचा. कितीतरी हस्तलिखितांच्या शेवटी, हा ग्रंथ अमुक ठिकाणी अमुक तारखेला कोणी वाचला आणि कोणी कोणी ऐकला, याच्या नावानिशी नोंदी आहेत. त्यांना ‘समाअ’, म्हणजे श्रवण, म्हणतात. विद्यार्थी चुकीच्या जागी थांबला तर गुरू तिथल्या तिथे सुधारायचा. वाक्याचे विराम कागदावर कमी आणि माणसांच्या तोंडी अधिक, असे पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहिले.

छापखान्याने ही बैठक मोडली. इजिप्तचा शासक मुहम्मद अली याने बुलाकचा छापखाना १८२० च्या आसपास उभारला. १८२८ मध्ये ‘अल्-वकाइउल्-मिस्रिय्या’ हे सरकारी पत्र सुरू झाले. सुरुवातीची छापील पुस्तके हस्तलिखितांसारखीच दिसत: सलग मजकूर, कडेने भाष्य, परिच्छेद नाहीत. पण वाचक बदलत होता. १८७६ मध्ये ‘अल्-मुक्ततफ’ बैरूतहून निघू लागले, त्याच सुमारास अलेक्झांड्रियातून ‘अल्-अहराम’, १८९२ मध्ये जुर्जी झैदानचे ‘अल्-हिलाल’. कॉफीगृहात किंवा घरी बसून तारेने आलेली बातमी, विज्ञानावरचा लेख, फ्रेंचमधून आलेली कादंबरी वाचणाऱ्या माणसाशेजारी गुरू नव्हता. कादंबरीतले संवाद तर सलग मजकुरात कोण बोलते आहे ते कळू देत नसत. कासिम अमीन या सुधारकाने या काळात एक नेमके निरीक्षण नोंदवले: इतर भाषांत माणूस समजण्यासाठी वाचतो, अरबीत मात्र नीट वाचता यावे म्हणून आधी समजावे लागते.

मराठीनेही हे वळण पाहिले आहे. मोडीत शब्दही सुटे लिहीत नसत. एक रेघ ओढायची आणि तिच्याखाली मजकूर धावता ठेवायचा. वाचणारा कारकून दरबारी भाषेत मुरलेला असल्याने त्याचे अडत नसे. एकोणिसाव्या शतकात छापील मराठी पुस्तके शाळांत गेली आणि मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हांची परिभाषा लिहून ती वापरात आणली. अरबीला मात्र कँडींसारखा परका शिक्षणाधिकारी लाभला नाही. तिथे हे काम घरच्याच माणसांना, आणि एकाहून अधिक वेळा सुरुवात करून, पुरे करावे लागले.

पहिल्या प्रयत्नांपैकी एक लेबनॉनच्या फारिस अश्-शिद्याकचा. माल्टामध्ये मिशनरी छापखान्यात काम करत असताना १८३९ साली ‘अल्-लफीफ’ या पुस्तकात त्याने युरोपीय विरामचिन्हे समजावून सांगितली आणि अरबीने ती घ्यावीत असे सुचवले. शब्दांच्या खेळात त्याची बरोबरी करणारे त्या शतकात फार थोडे होते. तरीही सूचना हवेत विरली. त्याची स्वतःची प्रसिद्ध कादंबरी १८५५ मध्ये पॅरिसला छापली गेली तीही या चिन्हांच्या आधाराने नव्हे. एकटा लेखक सवय बदलू शकत नाही. इस्तंबूलमध्ये, अरबी लिपीतच लिहिल्या जाणाऱ्या ऑटोमन तुर्कीत, इब्राहिम शिनासीने १८६० च्या सुमारास आपल्या नाटकात संवाद वेगळे दाखवायला कंस आणि रेघा वापरल्या. नाटकाला ते अपरिहार्यच होते. तुर्कीत त्यानंतर चर्चा वाढत गेली.

आणि झैनब फव्वाझ. दक्षिण लेबनॉनच्या तिबनीन गावातली ही बाई इजिप्तमध्ये येऊन लेखिका झाली. जगातल्या नामवंत स्त्रियांचा चरित्रकोश तिने लिहिला, जो बुलाकनेच छापला. १८९३ मध्ये हिंद नौफलच्या ‘अल्-फतात’ या स्त्रियांच्या मासिकात तिने विरामचिन्हांवर लेख लिहिला. झकी पाशांच्या पुस्तकाआधी जवळजवळ वीस वर्षे! शाळा-मदरशांच्या दाराबाहेर राहिलेल्या, गुरूपुढे बसण्याची संधी क्वचितच मिळणाऱ्या स्त्रियांसाठी निघणाऱ्या मासिकात हा विषय यावा, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. ज्यांना कानाने विराम शिकायला मिळाला नाही, त्यांनाच तो कागदावर हवा होता. अरबी विरामचिन्हांचा इतिहास सांगताना तिचे नाव बहुधा गाळले जाते. ते गाळू नये.

झकी पाशांचे पुस्तक या पार्श्वभूमीवर आले. युरोपीय पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला होता, पण तेवढ्यावर न थांबता वक्फ आणि इब्तिदाचे जुने ग्रंथही त्यांनी धुंडाळले. त्यांची मांडणी अशी की विरामाचे शास्त्र आमच्याकडे आधीपासून आहे, चिन्हे तेवढी नवी. चिन्हांना त्यांनी अरबी नावे दिली. स्वल्पविराम ‘शौला’, म्हणजे विंचवाची नांगी. आकार तसाच आहे. अर्धविराम ‘नुक्तेवाली शौला’. उद्गारचिन्हाला त्यांनी भावनावेगाचे चिन्ह म्हटले. त्यांच्या यादीत पूर्णविराम, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, रेघ, कंस, अवतरण आणि गाळलेल्या मजकुराचे ठिपके होते. ही यादी जवळजवळ आहे तशी आजही शाळांत शिकवतात.

चिन्हे अरबी पानावर आल्यावर अरबीच्या चालीने वळली. लेखन उजवीकडून डावीकडे, म्हणून प्रश्नचिन्हाचे पोट दुसऱ्या बाजूला गेले आणि स्वल्पविरामाची शेपटी वर उठली. हिब्रूही उजवीकडून लिहितात, तिथे मात्र ही चिन्हे युरोपीय रूपातच राहिली. उर्दूने पूर्णविरामाला ठिपक्याऐवजी आडवी छोटी रेघ घेतली. आणि अर्धविरामाला अरबी शिक्षकांनी स्वतःचे काम नेमून दिले: एक वाक्य दुसऱ्याचे कारण किंवा परिणाम असेल तर त्यांच्या मध्ये तो येतो. जुन्या ‘फ’चे नाते नव्या चिन्हाला मिळाले, असे म्हणता येईल.

झकी पाशांची खरी कसोटी शाळेत नव्हे, जुन्या ग्रंथांच्या संपादनात लागली. १९१४ मध्ये त्यांनी इब्नुल-कल्बीचे ‘किताबुल-अस्नाम’ प्रसिद्ध केले. इस्लामपूर्व अरबस्तानातल्या मूर्तींवरचा हा अनमोल ग्रंथ, ज्याची हस्तलिखित प्रत त्यांनी स्वतः मिळवली होती. जाहिझच्या नावावर असलेले ‘किताबुत्-ताज’ही त्याच वर्षी आले. या ग्रंथांत त्यांनी परिच्छेद पाडले, चिन्हे दिली, पाठभेद तळटीपांत दाखवले. अरबी ग्रंथसंपादनाला आधुनिक शिस्त लावणाऱ्यांत त्यांचे स्थान पहिल्या रांगेत आहे. पण इथेच अडचणही होती. हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाने जो विराम दिलाच नव्हता, तो संपादक देतो. कोणाचे बोलणे कुठे संपते, कोणता कवी कोणत्या ओळीचा धनी, कोणते वाक्य लेखकाचे आणि कोणते त्याने उद्धृत केलेले, याचा निवाडा अवतरणचिन्ह टाकताक्षणी होऊन जातो, आणि पुढचा वाचक तो निवाडा मूळ मजकूरच समजतो. चिन्ह जितके स्पष्ट, तितकी ही जोखीम मोठी. हे काम पुरते भाषाज्ञान नसलेल्याच्या हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

एक प्रयोग मात्र फसला. अरबीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेद नाही. १९३० च्या सुमारास इजिप्तचा राजा फुआद याच्या इच्छेने स्पर्धा घेण्यात आली आणि मुहम्मद महफूझ या सुलेखनकाराने घडवलेली ‘हुरूफुत्-ताज’, म्हणजे मुकुटाक्षरे, निवडली गेली. वाक्याच्या आरंभी आणि विशेषनामांना अक्षरावर मुकुटासारखा आकार द्यायचा. शिक्षणखात्याने मुकुटाक्षरे आणि विरामचिन्हे यांची माहिती एकत्र छापून वाटली. फुआद १९३६ मध्ये वारला आणि मुकुटे विस्मरणात गेली, विरामचिन्हे राहिली. दोन्हींमागे सरकार होते, दोन्हींचा नमुना युरोपचा. फरक इतकाच की विरामाची गरज वाचकाला आधीपासून होती, मुकुटाची कधीच नव्हती. ‘व’ आणि ‘इन्ना’ वाक्याचा आरंभ आधीच सांगत होते.

कुराणाने युरोपीय चिन्हे मुळीच घेतली नाहीत. १९२४ मध्ये कैरोहून सरकारी कुराण प्रसिद्ध झाले, जे पुढे जगभरच्या छापील प्रतींचा आदर्श ठरले. त्यातल्या विरामखुणा इजिप्तचे प्रमुख कारी, म्हणजे कुराणपठणकार, मुहम्मद खलफ अल्-हुसैनी यांनी अर्थाचा विचार करून ठरवल्या. सजावंदींची लांब यादी त्यांनी आखूड केली. आवश्यक थांबा, थांबू नका, दोन्ही सारखे, पुढे जाणे बरे, थांबणे बरे, अशा मोजक्या खुणा ठेवल्या. शिवाय तीन-तीन नुक्त्यांची एक जोडी आहे: दोनपैकी कुठल्याही एका जागी थांबा, पण दोन्हीकडे नको. कारण मधले शब्द मागच्या वाक्यालाही लागतात आणि पुढच्यालाही. ही सोय युरोपीय चिन्हांत नाही.

आजचे अरबी गद्य दोन्ही व्यवस्था एकदम वापरते. वर्तमानपत्रातला परिच्छेद पाहा: स्वल्पविरामांनी जोडलेली पाच-सहा वाक्ये आणि पूर्णविराम अगदी शेवटी एकच. पूर्णविराम दिल्यावरही पुढचे वाक्य बहुधा ‘व’नेच सुरू होते, एका दारावर दोन राखणदार उभे असावेत तसे. परक्या वाचकाला हा ढिलेपणा वाटतो. मला तो वाटत नाही. इजिप्तचे लेखक ताहा हुसैन लहानपणीच अंध झाले होते आणि आपली पुस्तके तोंडी सांगून लिहवून घेत. त्यांचे आत्मचरित्र ‘अल्-अय्याम’ १९२६ पासून ‘अल्-हिलाल’मध्ये येऊ लागले. त्यातली सारी चिन्हे खोडून टाकली तरी वाक्ये जागच्या जागी राहतील, कारण ती कानासाठी रचली आहेत. उलट चिन्हांवरच विसंबून लिहिलेल्या अनेक आधुनिक भाषांतरांना ही परीक्षा झेपणार नाही.

ज्यांना हे सारे प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांनी कैरोला जाण्याची गरज नाही. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिळाछापाची कुराणे मोठ्या प्रमाणात छापली जात, आणि भारतीय उपखंडातल्या प्रतींनी सजावंदींच्या खुणा आजवर सोडलेल्या नाहीत. मोहम्मद अली रोडवरच्या पुस्तकांच्या दुकानांत अशी प्रत सहज मिळते. तिच्याशेजारी मदीनेच्या छापखान्याची, कैरोच्या वळणाची प्रत ठेवा आणि दोन्हींत ‘आल-इमरान’ची सातवी आयत काढा. आपल्याकडच्या प्रतीत ‘ईश्वर’ या शब्दावर ‘मीम’ आहे: इथे थांबलेच पाहिजे. मदीनेच्या प्रतीत त्याच जागी थांबणे बरे, पण पुढे जाण्यास हरकत नाही, अशी खूण आहे.